गाणं कडूबाचं, मेंढरं माझी

...अन् वरून मलाच म्हणतात, म्हातारा खडूस हाये. आता तुमीच सांगा, लग्न त्यांचं, मांडव त्यांचा, डीजे त्यांचा, त्या डीजेवरचं गाणंबी त्यांनीच लावलेलं, मंग माझी मेंढरं नवरदेवाच्या मागं गेली त्यात माझा काय कसूर? मी काय मेंढरांना पत्रिका वाटल्या होत्या?

तुमाला सांगतो, मी सोनाजी. जातीचा धनगर, जिंदगी मेंढरांच्या मागं गेली. अजिंठ्याच्या अलीकडं, सिल्लोडच्या वाटेला आमचं गाव. शाळा दुसरीपर्यंत, तीबी मास्तर गावात आला असंल त्या दिवशी. जन्म पोलीस ॲक्शनच्या आधीचा का नंतरचा हे बापाला विचारलं, तर म्हणायचा, त्या धामधुमीत मेंढरं मोजली, पोरं मोजायला कुणाला सवड व्हती... तर अशा घरातला मी. मला गाण्यातलं काय कळतं? काय बी कळत नाय. पर मेंढरातलं कळतं. म्हणून माझं एकच म्हणणं हाये, अन् मी ते कलेक्टरापुढंबी म्हणीन: गाणं तुझं असंल बाबा, पर मेंढरं माझी हायेत.

झालं काय, माझी मेंढरं माळावर चरत व्हती. रस्त्याच्या पल्याड लग्न. मी बाभळीखाली टेकलेलो, तंबाखू मळलेली, आता दाढंत धरणार, तेवढ्यात त्या डीजेनं आवाज काढला. "हो आऽऽ हो हैऽऽ"... अन् मंग ढोल, अन् मंग ते गाणं, ‘धूळ गुलाबी उडवीत ये’. तुमी ऐकलंय. नाय म्हणू नका, पाळण्यातल्या पोरानंबी ऐकलंय. तर ते "हो आऽऽ हो हैऽऽ" कानावर पडलं, अन् आमच्या पाटलीणीनं मान वर केली. पाटलीण म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी मेंढी. लई तोऱ्यात चालती, म्हणून नाव पाटलीण. तोंडात गवताची काडी लोंबती, कान असे ताठ, अन् निघाली की सरळ मांडवाकडं. तिच्या मागं सगळी. पुढची कुठं चालली हे मेंढरू कधी विचारत नाय, अन् माणसं तरी कुठं विचारतात?

मी काठी घेऊन पळतो, पळता पळता तंबाखू गेली, एक वहाण गेली. पोचलो तवर मेंढरं कमानीची केळीची पानं खाऊन आत शिरलेली. नवरदेवाच्या खुर्चीला झेंडूच्या माळा व्हत्या, तिथं आता नुस्ती सुतळी. निम्मा कळप डीजेच्या त्या काळ्या पेट्यांपुढं ओळीनं उभा, मान वर करून, जसं काय आत कोणी ओळखीचं हाये. मी ओरडलो, "पाटलीणीला धरा, आरं मागच्या पायाला धरा तिच्या!"

आता मला काय ठाऊक, नवरीची चुलती म्हणून गावची खरी पाटलीणबाई तिथंच उभी हाये, नऊवारी नेसून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन.

पुढचं मी सांगत नाय. पाटलांचा स्वभाव तुमाला ठाऊक नाय.

डीजेवाल्याला मी हात जोडून म्हणलं, बाबा, हे एवढं गाणं सोडून दुसरं काय बी लाव. तर तो म्हणतो कसा, "बाबा, हे गाणं नाय लावलं तर पोरं लग्न लागू देत नायत." आता सांगा. पूर्वी भटजीशिवाय लग्न लागत नव्हतं.

बरं, एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. जनावराचा डाक्टर आलता, लसीची सुई टोचायला. त्याच्या खिशातला मोबाईल वाजला, तेच "हो आऽऽ हो हैऽऽ", अन् सगळी मेंढरं डाक्टराभोवती गोळा. तो खूश. म्हणला, "एवढ्या नोकरीत जनावरं सुईला आपल्या पायानं आलेली पहिल्यांदा बघतोय." मंग इलेक्शन आलं. जीपवर भोंगा, भोंग्यावर त्याच चालीत उमेदवाराचं नाव. गेली मेंढरं जीपच्या मागं, पार दुसऱ्या गावच्या शिवारात. उमेदवारानं मागं वळून पाह्यलं तर ही धूळ... त्याला वाटलं गर्दी लोटली, उभा राहून हात जोडत चालला बिचारा. पडला पुढं. पडणारच, माझी मेंढरं मत थोडीच देतात.

अन् इथंच तर सगळा घोळ हाये. ते "हो आऽऽ हो हैऽऽ" म्हणजे काय, ठाऊक हाये? ती माझी हाळी हाये. मेंढरं बोलवायची माझी हाळी. सांजच्याला ती मारली की कुठंबी पांगलेला कळप माघारी यायचा. म्हणजे त्यांनी लग्नाला यावं, जीपच्या मागं जावं यात त्यांची काय चूक? त्यांना वाटतं मालकानं बोलावलं. अन् आता तर अशी गत झाली का मी घसा फाडून हाळी मारली तर पाटलीण नुस्ती बघती. जशी काय म्हणती, तुजं राहू दे, ते ढोलवालं लाव.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. ज्याची हाळी मेंढरू ऐकत नाय तो कसला धनगर? म्हणलं आता गाणं करणाऱ्यालाच गाठायचं.

गाणं करणारा कोण? तर कडूबा. आमच्याच गावचा, शेतकऱ्याचं पोरगं. आधीची लेकरं जगली नायत, म्हणून आईनं नाव ठेवलं कडूबा, का कडू चीज हाये म्हणून कोणी उचलून न्यायचं नाय. चांगलं जगलं. वाळूजला कंपनीत लागलं, पाळीच्या बसमधी गाणी म्हणायचं, तिथून सुटलं ते शहरात मोठं संगीतकार झालं. अन् नाव काय घेतलं, तर मधुर. मधुर अजिंठेकर. कडूचं मधुर, म्हणजे बघा, माणसानं एवढी साखर कशाकशात घालावी.

गावात कळलं, संभाजीनगरला सिडकोत एका हॉलात त्याची प्रकट मुलाखत हाये. प्रकट म्हणजे काय? मंग गुप्त मुलाखत कुठं असती? बायकोला, बानाबाईला म्हणलं, शहरात जाऊन येतो. ती म्हणली, "कशाला?" म्हणलं, "माझी हाळी माघारी आणायला." ती म्हणली, "येता येता मिरच्याबी आणा." बस. माझ्या जिंदगीच्या सवालावर ही एवढीच बोलती.

यष्टीनं गेलो, स्टँडवर रिक्षा केली. बसलो नाय बसलो तर रिक्षात तेच गाणं. म्हणलं, "भाई, ये गाना बंद कर." तो आरशात बघून म्हणतो, "चचा, ये तो अपने औरंगाबाद का सबसे हिट गाना है." म्हणलं, "मेरेकू मालूम है, मेरी मेंढरां का गाना है." त्यानं दोनदा आरशात पाह्यलं अन् मंग बोलायचंच सोडलं. क्रांती चौकाच्या पुढं गाडी लई पळवली पर.

हॉलाच्या दारात सूटबूटवाला उभा. म्हणला, "आजोबा, पास?" म्हणलं, "नाय, दुसरी नापास." तो हसला, त्या हसण्यात मी आत.

आत ही थंडी. बाहेर ऊन तापाया लागलेलं अन् आत हिवाळा, घोंगडी आणली व्हती ती पांघरून बसलो. स्टेजवर दोन खुर्च्या, एकीवर कडूबा, रेशमी झब्बा, केस मागं फिरवलेले, बाजूला पेटी ठेवलेली. दुसरीवर कॉलेजातल्या एक बाई, त्याच मुलाखत घेत व्हत्या. आवाज असा का जसं काय आजारी माणसाच्या उशाला बसून बोलू राह्यल्या. पहिलाच सवाल, "मधुरजी, तुमच्या सृजनाविषयी सांगा ना."

मी दचकलो. शेजाऱ्याला विचारलं, "कुठं सुजलंय त्याला?"

तो म्हणला, "सूज नाय हो बाबा, सृजन. नवीन काही तरी करणं." हां, म्हणलं, मंग सरळ सांगा की. गावचा माणूस मी, मला वाटलं आल्यासारखं हळद-बिळद सांगून जावी.

मंग बाई लागल्या त्याचं कौतुक करायला. अष्टपैलू गायक, अष्टपैलू संगीतकार. अभंग गातो, गझल गातो, कव्वाली गातो, लावणीला चाल लावतो, नाटकाला लावतो, खताच्या जाहिरातीलाबी लावतो. म्हणलं हे तर आमच्या गावच्या दुकानासारखं झालं, घासलेट पण तिथंच अन् बांगड्या पण तिथंच. पर त्यानं गाऊन दाखवलं बरं का... खोटं कशाला बोलू, अभंग असा म्हणला का माझ्या पुढची म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली, अन् लगेच त्याच तोंडानं खताची जाहिरात म्हणली तर तीच म्हातारी पदर सोडून ताल धरू राह्यली. आवाज हाये पोराला. मी कधी नाय म्हणलं? मी एवढंच म्हणतो का गाणं तुझं, पर मेंढरं माझी.

बाई म्हणल्या, "चाल कशी सुचते? एकांत लागतो का? निसर्गाचं सान्निध्य?"

कडूबा म्हणला, "एकांतात मला फक्त झोप येते, बाई."

लोक हसले. मंग म्हणतो, वाळूजला प्रेसवर व्हतो, ते यंत्र दिवसभर ‘धडाम् चिक चिक, धडाम् चिक चिक’ करायचं, त्यावर मी पहिलं गाणं केलं, फोरमननं विचारलं काय बडबडतो, म्हणलं काय नाय, साहेब, मशीनला तिसरी मात्रा कमी पडती. त्यांनी मला मशीनवरून काढून गेटवर बसवलं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी सूर धरतो, बायको म्हणती भात करपला. एकदा एका मौतीला गेलो, रडणाऱ्या बायांमधल्या एकीनं सूर खाली लावला, माझ्या तोंडून निघालं, ‘जरा वर’. तवापासून बायको मला मौतीला नेत नाय.

आता हे ऐकून मलाबी हसू आलं, मी दाबलं. भांडायला आलेल्या माणसानं हसावं का? इज्जत राहती का मंग?

"चाल आपण करत नाही," कडूबा म्हणला, "चाल सापडते. रस्त्यात पडलेली असते. आपण फक्त वाकायचं."

बाई वहीत काय तरी लिहून माना हलवू राह्यल्या. अन् मंग, तुमाला सांगतो, त्यांनी तोच सवाल काढला. "मग ‘धूळ गुलाबी’चा तो सुरुवातीचा आलाप, तो कसा सुचला?"

कडूबा म्हणला, "तो सुचला नाही. आमच्या माळावरून तो आपोआप आला."

मी उठलो. घोंगडी गळ्यात, काठी हातात, अन् पार मागच्या रांगेतून म्हणलं, "आला नाय. नेला."

सगळा हॉल माझ्याकडं. ती थंडी, ते दिवे, अन् सगळ्यांची तोंडं माझ्याकडं, जशी मेंढरं डीजेकडं बघतात तशी. बाई म्हणल्या, "आजोबा, प्रेक्षकांचे प्रश्न शेवटी." म्हणलं, "बाई, मी प्रेक्षक नाय. मी फिर्यादी हाये."

कडूबानं डोळ्यांवर हात धरून अंधारात पाह्यलं. अन् खुर्चीतून उठला की. "सोनामामा? मामा, तुमी?" अन् उतरला खाली, त्या झब्ब्यासकट माझ्या पायाला लागला, हात धरून वर नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, अन् आपण खाली पेटीपाशी बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सांगा, पाया पडलेल्या माणसाशी भांडायचं कसं? अर्धं भांडण तिथंच फुकट गेलं. उरलेल्या अर्ध्यावर मी सुरू केलं. लग्न सांगितलं, डाक्टर सांगितला, जीप सांगितली, लोक पोट धरून हसू राह्यले, बाईंच्या डोळ्याला पाणी. म्हणलं, "हसता कशाला? माझा कळप माझं ऐकत नाय. कडूबा, एक तर ते गाणं बंद कर, नाय तर त्यातली माझी हाळी काढून दे. गाणं तुझं, पर मेंढरं माझी."

कडूबा म्हणला, "मामा, मारा बरं हाळी. इथं मारा."

त्यानं ते माईक तोंडापुढं धरलं. मी मारली. "हो आऽऽ हो हैऽऽ." हॉल घुमला, ते माईक कुई करून ओरडलं, मागं कुठं तरी लेकरू रडाया लागलं.

कडूबानं पेटीवर बोट ठेवलं. "मामा, तुमची हाळी शेवटी खाली पडती. बघा, ‘है’ खाली. आता गाण्यातली ऐका." त्यानं म्हणली. अन् खरंच की, ती शेवटी वर जाती. मी जिंदगीभर मारतो अन् मला कधी कळलं नव्हतं का माझी खाली पडती.

"तुमचा तो हुकूम हाये," म्हणला, "हुकूम खाली पडतो. ही हाक वर जाती, कारण ही विचारती. येता का नाय, असं विचारती. मामा, मी तुमची हाळी घेतलीच नाय."

"मंग कुणाची घेतली?"

"ज्यांच्याकडून तुमी घेतली, त्यांची. मामींची."

तुमाला सांगतो, मी हसलो. म्हणलं बानाबाईची? ती कुठं मेंढरं राखायला येती?

"मेंढरांसाठी नाय हो," कडूबा म्हणला, अन् आता तो लोकांकडं वळला, बाईंकडं वळला, अन् त्याची ती शहरी बोली गेली कुठच्या कुठं. "उन्हाळ्यात मामांची मेंढरं आमच्या रानात बसायची, खतासाठी. शेताच्या बांधावर यांचं पाल असायचं. सांजच्याला मामींचा सैपाक झाला का त्या बांधावर यायच्या, कानावर हात ठेवायच्या, अन् माळाकडं तोंड करून हाक द्यायच्या. ‘हो आऽऽ हो हैऽऽ.’ मी लहान, आईला विचारलं, मामी कुणाला बोलवतात? आई म्हणली, मामाला. म्हणलं, मंग नाव का नाय घेत? आई म्हणली, नवऱ्याचं नाव घेतात का कुठं बायका? ... म्हणून मामींनी नावाच्या जागी ती चाल ठेवली. ती मेंढरांची हाळी नाय, लोकहो. ते मामांचं नाव हाये."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. "किती रोमँटिक," म्हणल्या.

मी म्हणलं, "बाई, ते रोमँटिक काय असतं मला ठाऊक नाय. ती हाक यायची तवा पिठलं गार व्हायला आलेलं असायचं अन् तिचं डोकं गरम."

पर कडूबा कुठं सोडतो. "मामा, ती हाक ऐकली का तुमी उठायचे. तुमी उठले का तुमच्या मागं मेंढरं उठायची. असं रोज. मेंढरांनी शेवटी काय शिकावं? ही हाक आली का घरी जायचं. तुमीबी मंग तीच मारायला लागले, कारण मेंढरं तिलाच येत व्हती. पण मूळची ती हाक तुमाला व्हती."

म्हणलं, "म्हणजे मी काय मेंढरू हाये?"

"हाकेला तर उठत व्हते, मामा."

हा असा हशा, तुमाला सांगतो, त्या दिव्यांच्या काचा फुटल्या नायत तेच नशीब.

आता तुमी म्हणाल, मंग म्हाताऱ्याचं तोंड बंद झालं असंल. आमचं तोंड असं बंद होत नाय. म्हणलं, बरं, माझी नसंल, माझ्या बायकोची असंल, पर मेंढरं तर जातात ना? तू गाणं बदल.

कडूबा हसायचा थांबला. म्हणला, "मामा, मला बदलता आलं असतं तर मी तुमच्या आधी बदललं असतं. मी एवढे अभंग केले, गझला केल्या, एका नाटकाला वर्षभर बसून चाली लावल्या. कुणाला ठाऊक नायत. कुठंबी गेलो, अभंग सुरू केला का मागून कोणी तरी ओरडतं, ‘धूळ गुलाबी घ्या’. रिक्षात बसलो तर रिक्षावाला ते लावतो, मी म्हणतो बंद कर, तो म्हणतो नाय करणार. तुमची मेंढरं त्या गाण्यामागं जातात, मामा, अन् सांजच्याला माघारी येतात. मी गेलो तो गेलोच."

पोरगं रडकुंडीला आलेलं. मी आपला त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् त्याच वेळी, खोटं वाटंल तुमाला, मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "मधुरभाऊ, ‘धूळ गुलाबी’ होऊन जाऊ द्या!"

कडूबानं माझ्याकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं. अन् गायला की बापडा. काय करील? "हो आऽऽ हो हैऽऽ" सुरू झालं अन् माझ्या पोटात एकदम भुकंचा गोळा आला. पाय आपले आपण उठले. स्टेजवरून खाली उतरून अर्ध्या वाटंत गेलो तवा कळलं का आपण घराकडं निघालो.

तर मंग निघालोच.

घरी आलो, मिरच्या विसरलो. बानाबाई चुलीपुढं. म्हणलं, "तुला ठाऊक हाये का, ते लग्नातलं गाणं तुझी हाळी हाये. तू मला मारती ती." सगळं सांगितलं. ती भाकर थापत व्हती, थापायची थांबली. म्हणली, "म्हणजे लग्नाच्या मांडवात डीजे लावून लोक माझ्या नवऱ्याला जेवायला बोलवू राह्यले?"

म्हणलं, "तसंच म्हणायचं."

"अख्खा जिल्हा बोलवतो," म्हणली, "अन् जेवायला मात्र माझ्याच घरी." अन् तव्यावरची भाकर उलटून म्हणती, "शी बाई. आता मी नाय मारायची ती हाक. पोरंटोरं नाचतात त्याच्यावर. लाज वाटती."

मी म्हणलं, नको मारू. मला काय. मी काय मेंढरू हाये?

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी माळावर. मेंढरं बसलेली, मी बसलेलो. उन्हं उतरली. भूक लागली. हाक नाय. पाटलीण माझ्याकडं बघती, मी पाटलीणीकडं बघतो. दोघांनाबी ठाऊक का काय तरी व्हायचं राहिलंय. तेवढ्यात बांधाकडून बाईमाणसाचा आवाज आला, "ओ सोनाजीऽ. सोनाजी, जेवायला या."

तुमाला सांगतो, मला एवढा राग आला. म्हणलं, कोण ही बेशरम बाई, भर रानात नवऱ्याचं नाव घेऊन ओरडती? काय जमाना आलाय. तिच्या नवऱ्याला लाज कशी नाय? मी तर मुद्दाम पाठ केली तिकडं. म्हणलं, असल्या घरचं तोंडबी बघू नाय. पुन्यांदा आवाज आला, "सोनाजी, ऐकू येतं का नाय?" म्हणलं, न येऊ दे त्याला, बरी अद्दल घडंल. पाटलीणबी जाग्यावरून हलली नाय. तिलाबी पटलं नसावं.

बसलो. अंधारून आलं तवा मेंढरं हाकत घरी गेलो. बानाबाई दारात. पिठल्याचं भगुलं पालथं. कुत्रं जिभल्या चाटतंय.

"आले का?" म्हणली. "जन्मात पहिल्यांदा नाव घेतलं तुमचं, सगळं गाव ऐकत व्हतं, अन् तुमी पाठ केली."

म्हणलं, "मला वाटलं दुसरा कोणी."

"दुसरा कोण सोनाजी हाये हितं?"

आईबापानं ठेवलेलं नाव, एवढी वर्षं अंगावर वागवतोय, अन् बायकोनं एकदा घेतलं तर माझं मलाच वळखू आलं नाय. तिच्या तोंडी ते शोभतंबी नाय, काय तरी खडा चावल्यासारखं वाटतं. त्या कुत्र्याकडं बघत मी उपाशी झोपलो. अन् सकाळी उठून, ज्या माणसानं शहरात जाऊन भर हॉलात ते गाणं बंद करा म्हणून भांडण काढलं, त्याच माणसानं शेजारच्याच्या मोबाईलातून तेच गाणं आपल्या मोबाईलात घेतलं, अन् मोबाईल बायकोच्या हातात दिला. तिला स्वतः हाक मारायला लाज वाटती ना? मंग बटण दाबायला काय हरकत हाये?

आता रोज सांजच्याला ती बांधावर येती, मोबाईल वर धरती, बटण दाबती. "हो आऽऽ हो हैऽऽ." पाटलीण उठती, मागं सगळी उठतात, धूळ उडती, अन् घर येतं. मेंढरं वाड्यात, मी ताटावर. पिठलं गरम असतं, तक्रार नाय. परवा कडूबाचा फोन आलता, विचारत व्हता, मामा, अजून राग हाये का? म्हणलं, नाय बाबा. गाणं तुझं, हाक तुझ्या मामीची, अन् मेंढरं माझी.

मला धरून.